सहा नंबरचं टोकन

१

उस्ताद रोज सकाळी सहाला दाढी करत. फौजेतून निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली होती, त्यांचा गाल तपासायला आता कुणी येणार नव्हतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. वाटीत गरम पाणी, ब्रश, साबणाची वडी, आणि खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवलेला आरसा. फौजेत त्यांचं काम शस्त्रागारात असायचं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बंदुका साफ केल्या आणि नव्या रंगरुटांना साफ करायला शिकवल्या, त्यामुळे 'उस्ताद' हे नाव चिकटलं. ते खऱ्या नावापेक्षा पक्कं बसलं. आता शेजारीपाजारीसुद्धा तेच म्हणत.

वस्तरा उजव्या गालावर आला की उस्ताद हसत. रोज, त्याच जागी. बायको चहाचा कप घेऊन मागे उभी असायची.

"आज तरी सांगा, कशाला हसता ते."

"सांगेन कधीतरी."

"कधी? मी वर गेल्यावर?"

"तू कुठली जातेस. मला पोचवूनच जाशील."

हसण्याचं कारण होतं चिमी. त्यांची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची असताना तापाने गेली, तेव्हा उस्ताद लांब कुठल्याशा ठाण्यावर होते. त्या सहा वर्षांतल्या साऱ्या सुट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तर मुलगी त्यांच्या वाट्याला जेमतेम आठ महिने आली असेल. आईपाशी चिमीच्या शंभर गोष्टी होत्या. उस्तादांपाशी पाच-सहा, आणि त्याही आईने पाहिलेल्या. एकच काय ती त्यांची एकट्याची.

शेवटच्या सुट्टीची शेवटची सकाळ. बायको खाली नळावर गेली होती. उस्ताद दाढी करत होते आणि चिमी हटून बसली की माझीपण करा. त्यांनी तिच्या दोन्ही गालांना फेस लावला आणि कंगव्याच्या पाठीने हळूहळू काढायला घेतला. ती श्वास रोखून, डोळे मिटून ताठ बसली होती. उजवा गाल आला तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "कापलं तर आईला नाही सांगणार." एवढंच. जिन्यावर पावलं वाजली, उस्तादांनी घाईने टॉवेलने तिचं तोंड पुसलं, आणि बापलेक काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने बसून राहिले.

ही गोष्ट बायकोला सांगितली की आपल्याकडे निम्मीच उरेल असं त्यांना वाटायचं. कुणी पैशाचा कंजूष असतो. उस्ताद या एका गोष्टीचे होते. मरायच्या आधी तिला सांगायची, हे मात्र त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

२

पोटात जळजळ सुरू झाली म्हणून माजी सैनिकांच्या दवाखान्यात त्यांना दुर्बीण टाकून घ्यायला सांगितलं. तोंडातून एक काळी नळी पोटात सोडतात, तिच्या टोकाला दिवा असतो.

बाहेरच्या बाकांवर चौदा म्हातारे उपाशीपोटी बसले होते. रांग म्हटली की फौजी माणूस घरी आल्यासारखा होतो. कुणी सकाळपासून थुंकी गिळत नव्हता, तर कुणी शेजाऱ्याला धीर देता देता स्वतःच घाबरत होता. उस्तादांचं टोकन सहा नंबरचं. सातवा शेजारी बसला होता: बिगुलवाला, त्यांच्याच पलटणीतला, छातीपर्यंत पांढरी दाढी वाढवलेला, जन्मभर बिनलग्नाचा.

"नळी घशात गेल्यावर मी बिगुल वाजवला तर?" तो म्हणाला.

"तर डॉक्टर सलाम ठोकेल."

तेवढ्यात साहेब आले. उस्तादांच्या पलटणीचे जुने साहेब. काठी टेकत होते, पण पाठ ताठ. त्यांचं टोकन आठ नंबरचं. बाकांवरची ओळखीची चार माणसं उभी राहिली. आता साहेबाने बसून राहायचं आणि आपण आधी आत जायचं, हे उस्तादांच्या अंगवळणी पडणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपलं टोकन पुढे केलं. "साहेब, आधी तुम्ही." साहेबांनी नेहमीच्या सवयीने ते घेतलं. मग उस्ताद आठ नंबर घेऊन खाली बसणार, तर बिगुलवाला अडून बसला. उस्ताद त्याला वरिष्ठ. त्याने आपला सात नंबर त्यांच्या हातात कोंबला आणि आठ नंबर स्वतः घेतला. आतली नर्स दारातून फक्त आकडा पुकारत होती. नावं सकाळी खिडकीवर लिहून घेतलेली होती.

असे तिघेजण पुढेमागे सरकले, आणि सगळ्यांना बरं वाटलं. साहेब आत गेले आणि वीस मिनिटांनी चाकांच्या खुर्चीतून बाहेर आले. मग उस्ताद गेले. घशात कडू फवारा, दातांत प्लास्टिकची कडी, हातात भुलीची सुई. नळी जवळ आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे कसबी नजरेने पाहिलं. बाहेरून चकचकीत होती.

३

पुढच्या आठवड्यात एका सकाळी वस्तरा उजव्या गालावर आला आणि उस्तादांना एक दार दिसलं.

हिरव्या रंगाचं लाकडी दार. रंगाचे पोपडे निघालेले. समोर सिमेंटचा अरुंद बोळ, एका बाजूला भिंत. दाराला बाहेरून कडी लावलेली होती आणि आतून कुणीतरी दार वाजवत होतं. जोरात नाही. पाहुणा वाजवतो तसं, थांबून थांबून.

असलं दार आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, याची उस्तादांना खात्री होती. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. भुलीच्या औषधाने माणसाला काहीबाही दिसतं. सत्तरी उलटली आहे. टीव्हीवर काहीतरी पाहिलं असेल. गाल धुतला आणि चहा प्यायला बसले.

"आज हसला नाहीत," बायको म्हणाली.

"नाही? असेल."

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा आलं, थोडं जवळ. तिसऱ्या दिवशी कडीवर स्वतःचा हात दिसला, म्हणजे स्वतःचाच असणार, कारण कडीचा गारवा तळव्याला लागत होता. त्या हाताच्या अंगठ्यावर जखमेचा जुना वण होता. उस्तादांनी वस्तरा खाली ठेवून आपला अंगठा उलटसुलट करून पाहिला. तो साफ होता.

यातलं काहीच त्यांनी बायकोला सांगितलं नाही. दार दिसतं याची त्यांना तेवढी भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती याची की त्या जागी आधी काहीतरी दुसरं असायचं, आणि ते काय, हे आठवायला आता जोर लावावा लागत होता. फेस होता. कंगवा होता. पुढे चिमी काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली होती?

४

महिन्याभराने बिगुलवाल्याला दवाखान्याचं पत्र आलं. त्याने फोनवर वाचून दाखवलं. अमुक तारखेला वापरलेली दुर्बीण पूर्णपणे स्वच्छ झाली नसण्याची शक्यता आहे. घाबरून जाऊ नये. रक्ततपासणीसाठी यावं.

"घाबरून जाऊ नये असं लिहिलंय म्हणजे घाबरायला हवं," बिगुलवाला म्हणाला. "तुम्हाला आलं का?"

उस्तादांना आलं नव्हतं. नवराबायको दोघं दवाखान्यात गेली. फलकावर यादी लावली होती: सात नंबर ते पंधरा नंबर. खिडकीतल्या कारकुनाने समजावून सांगितलं. नळ्या दोन होत्या. पहिली पाच नंबरनंतर बाजूला ठेवली. दुसरी नळी त्या दिवशी सहा नंबरपासून वापरात आली. तोवर ती स्वच्छ होती. बिघाड त्यानंतरच्या धुण्यात झाला.

"म्हणजे एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात?" बायकोने विचारलं.

"तसं अगदी म्हणता येणार नाही. पण कावीळ वगैरेचा धोका असतो. तुमचे हे सहा नंबर. त्यांना काही नाही. सहाच्या आधी कुणी नव्हतंच."

बायकोने सुटकेचा श्वास सोडला. उस्तादांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. सहा नंबर कागदावर त्यांचा होता. आत सहा म्हणून गेले ते साहेब.

त्यांनी कारकुनाला सगळी अदलाबदल सांगितली. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, रजिस्टरमध्ये तसं नाही."

"रजिस्टर बाहेर होतं. आम्ही आत जाताना बदललं."

"का पण?"

"ते साहेब आहेत."

"इथे सगळे पेशंट असतात, काका. लेखी आणा. त्या साहेबांची सही आणा, मग तुमचं रक्त घेऊ. साहेबांचं तर घेतलंय. त्यांचं यादीत नाव आहे."

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं बायको बाहेर आल्यावर म्हणाली. तिचा राग कारकुनावर नव्हता, नवऱ्यावर होता. "निवृत्त होऊन बावीस वर्षं झाली आणि अजून तुम्हाला पोटदुखीतसुद्धा साहेब आधी लागतो."

५

उस्ताद तडक घरी गेले नाहीत. बायकोला बाकावर बसवून ते मागच्या बाजूला, नळ्या धुतात त्या खोलीकडे गेले. धुणारी बाई पन्नाशीची होती, रबरी हातमोजे कोपरापर्यंत. चौकशी चालू असल्यामुळे तिला नळ्यांना हात लावायची मनाई केली होती, म्हणून ती रिकामे ट्रे धूत होती. ट्रे आधीच स्वच्छ दिसत होते.

"मी बंदुकांच्या नळ्या साफ करायचो," उस्ताद म्हणाले. "मला फक्त कळायला हवंय, कुठे चुकलं."

बाईने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. आपल्या धंद्यातला माणूस ओळखता येतो. तिने कपाट उघडून दाखवलं. आत दोन काळ्या नळ्या टांगल्या होत्या, टोकं खाली, साप लटकवावेत तशा.

"यांच्या पोटात आणखी एक बारीक नळी असते. मशीनमधून तिला औषधी पाणी द्यायला वेगळी टोपी लावावी लागते. नवीन मशीन आलं, आणि जुन्या मशीनची टोपी त्याला बसते. बसते, पण पाणी जात नाही. हिरवा दिवा लागतो. मी हिरवा दिवा बघायची आणि खूण करायची."

"नंतर ब्रश घालून पाहिला?"

"पाहिला ना. पांढऱ्या कापडावर काढला. काही नव्हतं."

"काहीच नाही?"

"काका, दिसत नाही म्हणून तर धुवायचं असतं."

ती पुन्हा ट्रे घासायला लागली. मग पाठमोरीच, आवाज खाली आणून म्हणाली, "नऊ नंबरवाले आजोबा परवा इथेच उभे होते. जन्मभर फौजेत स्वैपाकी होते. मला म्हणाले, बाई, मला बिगुल वाजवता येतोय. सगळ्या धुना येताहेत. कुणी शिकवल्या? आता त्यांना मी काय सांगणार. डॉक्टरांना सांगा म्हटलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली."

उस्ताद मनात आकडे जुळवू लागले. नऊच्या आधी आठ. आठ नंबरवर आत गेला होता बिगुलवाला. बिगुलवाल्याचं नवाकडे गेलं असेल, तर साहेबांचं आपल्याकडे आलं. आणि आपलं गेलं बिगुलवाल्याकडे. हिशेब साधा होता, रंगरुटालाही कळेल इतका. तो खोटा ठरावा म्हणून ते कपाटाकडे पाहत उभे राहिले.

नळ्यांपैकी एक हलली असं त्यांना वाटलं. हलली नसेलही. कपाटाचं दार नुकतंच उघडलं होतं.

६

साहेब बागेला पाणी घालत होते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा कमी झाल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी उस्तादांना आग्रहाने खुर्ची दिली.

"तब्येत म्हणशील तर एकदम फर्स्ट क्लास. तुला सांगतो, तीस वर्षं मला धड झोप नव्हती. डोळा लागला की दचकून उठायचो. त्या दुर्बिणीच्या दिवसापासून लहान मुलासारखा झोपतोय. रक्ताचा रिपोर्टही चांगला आला."

"साहेब, त्या दिवशी मी तुम्हाला माझं टोकन दिलं होतं."

"दिलं असशील. तू जुना माणूस."

"तेवढं लिहून द्याल?"

"देतो की." साहेबांनी झारी खाली ठेवली. हातावरची माती झटकताना त्यांच्या अंगठ्यावरचा वण उस्तादांना दिसला. लांब, पांढरा, मधे थोडा वाकलेला. रोज सकाळी दिसायचा तोच.

उस्तादांनी आयुष्यात साहेबाला उलटा प्रश्न केला नव्हता. आता त्यांनी विचारलं. "साहेब, हिरवं दार आठवतं? सिमेंटचा बोळ, बाहेरून कडी?"

"कुठलं दार?"

"आतून कुणीतरी वाजवत होतं. तुमचा... हात कडीवर होता. काढायची की नाही ते ठरत नव्हतं. मग कडी तशीच राहिली."

साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठी पडली आणि विरली. त्या डोळ्यांत लपवाछपवी नव्हती. तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी पुढे होऊन उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरेरे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या हातून असं झालं होय? कधी बोलला नाहीस. जाऊ दे. लढाईत सगळ्यांच्याच हातून काही ना काही होतं. फार मनाला लावून घेऊ नकोस."

उस्ताद उभे राहिले आणि सवयीने टाचा जुळल्या. फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं की सही राहिलीच. परत आत जायचं त्यांच्याने झालं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे साहेबांच्या त्या शब्दांनी त्यांना बरं वाटलं होतं. माफी मिळाल्यावर वाटतं तसं.

७

बायकोला त्यांनी त्या दुपारी सगळं सांगितलं. दार, वण, स्वैपाकी. ती हसली नाही की घाबरली नाही. समोर येऊन बसली.

"मग तुमचं काय गेलं?"

"ते कसं कळणार? गेलेलं असलं तर मला ते नसणारच."

"चिमी आठवते?"

"आठवते ना. आपली मुलगी. सहा वर्षांची. तापाने गेली."

हे ते म्हणाले ते अगदी सरकारी कागदावर लिहितात तसं, एकापाठोपाठ एक, बरोबर. बायकोने चिमीच्या पाच-सहा गोष्टी काढल्या, ज्या दोघांनी मिळून हजार वेळा उगाळल्या होत्या. उस्ताद प्रत्येक गोष्टीला मान हलवत राहिले. ऐकीव गोष्टीला हलवतात तशी.

"आणि दाढी करताना हसायचात ते? ते चिमीचंच होतं ना? मला ठाऊक होतं. तुम्ही माझ्यापासून दडवलंत तरी मला ठाऊक होतं. आता सांगा. आत्ताच्या आत्ता."

उस्तादांनी मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, उजव्या गालावर बोट ठेवलं. फेस, कंगवा काहीच आलं नाही. बोळ आला, ओल्या सिमेंटचा वास आला, आणि टकटक. आता ती मोजता येत होती. आत एकजण नव्हता. वेगवेगळ्या उंचीवरून येत होती ती.

"मी दाढी करताना हसायचो?" त्यांनी विचारलं.

बायको रडली. चिमी गेली तेव्हा उस्ताद तार मिळून चार दिवसांनी पोचले होते, तेव्हाही ती त्यांच्यापुढे रडली नव्हती, आज रडली. चाळीस वर्षं ती त्या गोष्टीची वाट पाहत होती. चिमीचं काही नवं आता जगात उरलं नव्हतं, तेवढं एक सोडून. उस्तादांना तिची फार कणव आली. पण ती कशासाठी रडते आहे, ते मात्र त्यांना आतून कळत नव्हतं.

तिने डोळे पुसले, पायात चपला घातल्या. "उठा. बिगुलवाल्या भावजींकडे चला."

८

बिगुलवाला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, बोळाच्या टोकाच्या खोलीत राहायचा. दुपारचे चार वाजले होते, मजल्यावर कुणी नव्हतं. त्याने दार उघडलं तेव्हा उस्तादांना त्याच्या टेबलावर दाढीचा ब्रश आणि साबणाची वडी दिसली. त्याची दाढी मात्र छातीपर्यंत तशीच होती.

"वहिनी," तो म्हणाला, "मी स्वतःच येणार होतो. धीर होत नव्हता. रक्तात दोष निघालाय. सोमवारपासून औषध सुरू, सहा आठवडे. नाहीतर लिव्हर जाईल म्हणाले. त्याचं काही नाही. पण हे बघा." त्याने भिंतीवरचा बिगुल काढून ओठांना लावला. नुसती हवा आली. "एक सूर येत नाही. आणि त्याच्या जागी... मी लग्न केलं नाही, वहिनी. मला मूल नाही. मग रोज सकाळी माझ्यासमोर ही मुलगी कोण बसते?"

बायको खुर्चीच्या कडेवर बसली. "काय करते ती?"

त्याने सांगितलं. दोन्ही गालांना लावलेला फेस, कंगव्याची पाठ, ताठ मान, मिटलेले डोळे. डाव्या पापणीखाली फेसाचा एक ठिपका राहिला होता, तोही सांगितला. "आणि उजवा गाल आला की म्हणते, कापलं तर आईला नाही सांगणार."

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मग जिन्यावर पावलं वाजतात. मी घाईने टॉवेलने..." बिगुलवाल्याने उस्तादांकडे ओशाळून पाहिलं. "म्हणजे मी नाही."

"मी नळावर होते," बायको म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "दोन हंडे होते माझ्याकडे. मी आत आले तर दोघं असे बसलेले, जसे काही देवाचे भक्त. मी म्हटलंसुद्धा, काय चाललंय." तिने वळून नवऱ्याचा हात धरला. "ऐकलंत? ऐकलंत का तुम्ही?"

"छान आहे," उस्ताद म्हणाले. त्यांना खरंच छान वाटली होती. "कुणाची मुलगी?"

बायकोने त्यांचा हात सोडला. मग ती बिगुलवाल्याकडे वळली.

"औषधाने हे जाईल का, भावजी?"

"सगळं साफ होईल म्हणतात."

"मग घ्या," ती म्हणाली. तिला ते म्हणायला किती जड गेलं ते तिच्या आवाजात ऐकू आलं. "जीव आधी. पण सोमवारपर्यंत मी रोज येईन. आता पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून. फेस लावला तिथून."

बिगुलवाल्याने घसा साफ केला. तेवढ्यात उस्ताद उठले, दाराशी गेले, त्यांनी दार लोटून कडी लावली आणि हात कडीवरच ठेवून उभे राहिले. वारा येत असेल, असं दोघांना वाटलं.

"आम्ही सुट्टीवर होतो," बिगुलवाला सांगू लागला. "शेवटची सकाळ होती."

दारावर टकटक झाली.

बाहेरून. हळू, थांबून थांबून. कडीच्या बरीच खाली, मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. बिगुलवाला बोलायचा थांबला. बायको उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं, इतकी त्यावर आशा होती.

"उघडा," ती म्हणाली.

"नाही," उस्ताद म्हणाले.

"अहो, कोण आहे ते तरी बघू द्या. उघडा दार."

"वरून हुकूम नाही."

टकटक पुन्हा झाली. बायको धावली. तिने त्यांचं मनगट धरून ओढलं, नखं रुतवली, शेवटी दात लावले. बिगुलवालाही मदतीला आला. सत्तरी उलटलेला तो हात कडीवरून तसूभर हलला नाही. त्यांनी तिच्यावर आवाज चढवला नाही. घाबरलेल्या रंगरुटाशी बोलायचे तसे, खाली वाकून, समजुतीच्या सुरात बोलले.

"लक्ष देऊ नको. थोड्या वेळाने आपोआप थांबतं."

टकटक आणखी तीन वेळा झाली, दर वेळी थोडी खालून. मग थांबली.